सत्त्याहत्तर हजार एकशे अठ्ठ्याऐंशीचा गोठा

शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेनं २०२१ साली दोन ते सहा जनावरांच्या पक्क्या गोठ्याची किंमत ठरवली: ७७,१८८ रुपये. शेवटचे अठ्ठ्याऐंशी पाहा. इतका काटेकोरपणा सोनारालाही जमत नाही.

गोठा ७.७ मीटर लांब, ३.५ रुंद. खाली चार इंच काँक्रीट घातलं तर साधारण २.७ घनमीटर. एकास दोनास चार या मिश्रणाला सिमेंटच्या सतरा बॅगा, रेती अर्ध्या ब्रासला थोडी कमी, गिट्टी पाऊण ब्रासला थोडी जास्त. इथवर कागद खरा. आता वर्धा जिल्ह्यात आर्वी-कारंज्याकडं ट्रॅक्टरवाल्याला अर्धा ब्रास रेती मागून पाहा! तो एका ट्रॉलीपेक्षा कमीची बातच करत नाही. आणि रेतीघाटाचा लिलाव अडला असेल, तर भाव अंधारावर ठरतो. अंधाराची पावती मिळत नाही. बिलाला मात्र पावतीच लागते.

त्यात योजना रोजगार हमीची. खर्चात साठ टक्के मजुरी, चाळीस टक्के साहित्य. फरशी तर बहुतेक साहित्यच. म्हणजे गावानं आधी झाडं लावून, खड्डे खणून मजुरीचा टक्का जमवायचा, मग गवळाऊ गाईच्या खुराखाली सिमेंट.

एवढं होऊन मिस्त्री फरशी आरशासारखी घोटतो. ढोरं घसरतील, ओलं असतानाच खराट्यानं रेघा ओढ म्हटलं, तर म्हणतो, "फिनिशिंग खराब होते ना भाऊ. फोटो काढाचा हाय."