श्रीमंत हिंदूराव घाटगे यांस अनावृत पत्र

श्रीमंत हिंदूराव घाटगे, कागलकर,
हल्ली मुक्काम स्वर्ग, यांस सादर प्रणाम.

पत्रास कारण की, आमचे काका गेले. अविवाहित होते. सारी हयात दिल्लीच्या मलकागंजात, तुमच्याच टेकडीच्या पायथ्याशी काढली. दिल्ली दूध योजनेचं जुनं कार्डसुद्धा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपलं होतं. मृत्युपत्र मात्र कुठे नाही. गाद्या उसवून झाल्या, देव्हाऱ्याचा चौरंगही उलटा करून पाहिला.

या विषयातला तुमचा अनुभव दांडगा, म्हणून तुम्हालाच लिहितो. तुमचे मेहुणे, ग्वाल्हेरचे महाराज दौलतराव शिंदे 21 मार्च 1827 रोजी वारले. पोटी मुलगा नाही आणि हयातीत दत्तकही घेतलेला नाही. मग तुमच्या भगिनी बायजाबाईंनी जनकोजी नावाचं पोर दत्तक घेतलं. ते मोठं झालं आणि 1833 साली बायजाबाईंनाच ग्वाल्हेर सोडावं लागलं. तुम्ही दिल्ली गाठलीत आणि खून झालेल्या विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याचा टेकडीवरचा बंगला विकत घेतलात. मेहुण्यांनी वेळेवर कागद केला असता, तर आज त्या टेकडीवरच्या महापालिकेच्या रुग्णालयाला तुमच्याऐवजी नाव कुणाचं दिलं असतं? आळसाचं इतकं टिकाऊ स्मारक दुसरं नसेल.

आमच्याकडे गादी नाही. दोन खोल्या, मुदतठेवी आणि लॉकर आहे. लॉकरची किल्ली मिळाली, पण लॉकर कोणत्या बँकेत ते कळेना. ठेवींवर नॉमिनी म्हणून नोएडाच्या चुलतभावाचं नाव निघालं आणि त्याने लगेच गाडीचा रंगही ठरवला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त पैसे ताब्यात घेणारा, हे त्याला पटेना. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगांवकरांच्या वारसांचा वाद याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2023 मध्ये निकाल लागला, की शेअर्सचा नॉमिनीही मालक होत नाही. तिथे तर मृत्युपत्र होतं! ज्यांचं कॅलेंडर बघून घराघरात तिथी ठरते, त्यांच्याच घरावर तारखा मोजायची पाळी आली.

मग 1956चा हिंदू उत्तराधिकार कायदा उघडला. बायको नाही, मुलं नाहीत, आईवडील कधीच गेले, भाऊही गेले. अशा वेळी वारसांच्या यादीत बहीण दुसऱ्या ओळीत बसते आणि पुतणे चौथ्या. वरच्या ओळीत एक जरी जीव असला, तरी खालच्यांना दमडी नाही. म्हणजे सगळं सांगलीच्या आत्यांचं. काकांची औषधं आणली आम्ही, तीस हजारी कोर्टात वारसा प्रमाणपत्रासाठी खेटे घालतोय आम्ही, आणि आत्या फोनवर विचारतात, ‘अरे, त्याचा तो पितळी डबा सापडला का?’ कोर्टाच्या हुकमाने पेपरात नोटीस छापली, तेव्हा कधी न भेटलेले दोन नातलग दुःखाने व्याकूळ होऊन घरी आले. जेवूनच गेले.

विनंती एवढीच, की काका तुमच्या दरबारात आले असतील, तर बँकेचं नाव विचारून घ्या.

आणि हे पत्र चोरून वाचणाऱ्या तमाम काकांनो, कोरा कागद चालतो. स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदार पुरेत. तो कागद कुठे ठेवलाय, हे मात्र कुणाला तरी सांगून ठेवा.

आपला,
चौथ्या ओळीतला एक पुतण्या