लोखंडाची घडणावळ

जळगावात दागिन्याचा हिशेब शाळकरी पोरालाही येतो. वजन गुणिले भाव, वर घडणावळ. मोडायला गेलं की घट. लेकीच्या लग्नाचं सोनं घ्यायला लांबलांबून माणसं ज्या गावी येतात, त्या गावात मी स्टीलचं महागडं घड्याळ हाताने घडवायला बसलो, तेव्हा गल्लीत माझ्या प्रकृतीची चौकशी सुरू झाली.

नमुना रॉयल ओकचा. ऑडेमार पिगे या स्विस कंपनीने ते १९७२ साली आणलं. जेराल्ड जेंटाने त्याचं चित्र एका रात्रीत काढलं, असं तो स्वतःच सांगायचा. काचेभोवती अष्टकोनी कडं, त्यावर आठ स्क्रू, अंग सगळं स्टेनलेस स्टीलचं आणि किंमत सोन्याच्या घड्याळांच्या वर. स्क्रू तेवढे पांढऱ्या सोन्याचे! आता सोनं वापरायचं आणि ते लोखंडासारखं दिसेल अशी काळजी घ्यायची, हे जळगावात कुणाला पटवून द्यायचं?

शेजारच्या काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"हाई लोखंड शे ना भो? मंग इतला पैसा कसाले?"

"काका, ही निव्वळ घडणावळ."

"आनि मोडमा घट कितली धरतस?"

घड्याळाच्या आतलं मशीन मिळालं धुळ्याला. पाच कंदिलाजवळ मामांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यांनी डब्यातून एचएमटी जनता काढलं. सिटिझनच्या मदतीने एचएमटीने १९६१ साली बंगळुरात घड्याळं सुरू केली आणि पुढे एका अख्ख्या पिढीच्या जावयांची सोय झाली. सेकंदाला पाच टिकटिक, आत सतरा माणकं. जळगावी परतून हे सांगितलं, तर माणकं म्हटल्यावर काका खुर्ची ओढून जवळ आले. ती कारखान्यात बनवलेली असतात हे कळताच खुर्ची परत गेली.

घड्याळाच्या केसचा गोळा एमआयडीसीतल्या लेथवर उतरवून घेतला, पुढे सगळी कानस. खरं काम पॉलिशचं. सपाट भाग बारीक रेघांचा, कडेची तिरकी पट्टी आरशासारखी, आणि दोन्हींच्या मधली धार जराही गोल होता कामा नये. मे महिन्यात, चव्वेचाळीस अंशांत, पंखा बंद ठेवून (पॉलिशची भुकटी उडते) हे करून पाहावं. डायलवर बारीक चौकटी कोरल्या, तर आई म्हणाली, "चटईच करायची होती तर रंगीत तरी करायचीस." चटयांच्या कारखान्यांच्या गावात याहून वेगळं काय ऐकायला मिळणार?

मामांना आवडले ते स्क्रू. खऱ्या घड्याळात त्यांची डोकी षटकोनी असून षटकोनी खाचेतच बसतात. ते फिरूच शकत नाहीत. फिरतात ते मागचे नट. म्हणून तर सगळ्या चिरा एका वर्तुळात शिस्तीत दिसतात. "म्हणजे चीर नुसती शोभेची?" मामांनी विचारलं आणि गिऱ्हाईक सोडून पोटभर हसले. आयुष्यभर चिरा बघून स्क्रू फिरवलेला माणूस तो.

पाण्याचा प्रश्न मी सोडूनच दिला. खऱ्याला ५० मीटर खोलीपर्यंत पाणी लागत नाही म्हणतात. उन्हाळ्यात इकडे ५० मीटर पाणी दिसलं, तर घड्याळ बाजूला ठेवून आधी टँकरवाल्याला कळवावं लागेल. डायलवर कंपनीचं नाव घातलं नाही, ती फसवणूक झाली असती. वर 'जळगाव' लिहिलं. खाली 'स्विस मेड'च्या जागी 'एमआयडीसी'.

तयार घड्याळ काकांनी हातात घेतलं, उलटंपालटं केलं, कानाला लावलं.

"झकास जमनं रे भो! आते हाईच सोनामा करी दे, जवाईले देवाले."