मोराचा तिसरा पाय

सुरतेवर मराठी माणसाच्या दोन स्वाऱ्या गाजल्या: 1664 आणि 1670. तिसरी कंपायलर शिकण्यासाठी काढावी, असं माझं मत आहे. या खेपेला लूट नाही, नुसते लूम बघायचे. वाटाड्याचीही चिंता नको, सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये खानदेशी मंडळी कधीचीच वसली आहेत. तिथल्या नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाला मोर ठाऊक नसतो. धोट्याच्या या फेरीला ताण्याचा कुठला धागा उचलायचा नि कुठला खाली ठेवायचा, एवढंच त्याला कळतं. म्हणून चित्रातला मोर आधी आलेखाच्या चौकटींत उतरतो, मग कार्डावरच्या भोकांत. फ्रान्समध्ये 1804च्या सुमारास जॅकार्डने हे जमवलं. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डात कार्डं जाऊन फाइल आली, पण मोराला खाली उतरावं लागतंच. कंपायलरही माणसाला कळणारा मजकूर असाच पायरीपायरीने उतरवत प्रोसेसरच्या आकड्यांपर्यंत आणतो.

यावर कुणी म्हणेल, भोकं पाडणं म्हणजे भाषा कळणं नव्हे. मान्य! कार्डाला व्याकरण नसतं. भोक चुकलं तर माग निमूटपणे मोराला तिसरा पाय विणेल आणि ती तीनपायी जात साडीभर नाचेल. कंपायलर मात्र आधी शब्द सुटे करतो, कंसात अडकलेले कंस सोडवतो, मग अर्थ लागतो का ते बघतो. एक अर्धविराम विसरलात तर चाळीस तक्रारी करतो, त्यातल्या एकोणचाळीस त्याच्या स्वतःच्याच गोंधळाच्या. खरी मजा त्यापुढे आहे. एकच हिशेब दोनदा होत असेल तर एक गाळावा, हे कुणालाही सुचेल. पण प्रोग्रामच्या एका वाटेने तो दोनदा होतो आणि दुसरीने एकदाच, तेव्हा काय गाळणार? या कोड्यावर मुंबई आयआयटीच्या धनंजय ढमढेरे यांनी नाव घेण्याजोगं काम केलं आहे.

‘आता कोड एआय लिहितं, मग हे कशाला शिकायचं?’ हा प्रश्न ठरलेला. एआयने लिहिलेलं सी प्लस प्लसही शेवटी कंपायलरच्याच दारात उभं राहतं; तिथे वशिला चालत नाही. राहता राहिली अवघडपणाची तक्रार. आयबीएमच्या 1957च्या पहिल्या फोरट्रान कंपायलरला 18 मनुष्यवर्षं लागली. आता बेताचा कंपायलर विद्यार्थी एका सत्रात लिहितात. एवढी सूट सुरतेच्या कापड बाजारातही कुणी देणार नाही.