एका कोळंबीचा समुद्र

माहीममध्ये राहून पाणी खारट करायला मीठ विकत आणायचं, यासाठी अंगात थोडं वेड असावं लागतं. आमच्या गच्चीत उभं राहिलं की अरबी समुद्र फुकटात दिसतो. पण मिठी नदी तिथे रोज जे काय आणून ओतते ते पाहता, त्या पाण्याची बादली भरून दिवाणखान्यात आणायची माझी छाती झाली नाही. म्हणून मी दीडशे लिटरचा स्वतःचा समुद्र मांडला. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हला उघडलं आणि तेव्हापासून मुंबईतल्या शाळांच्या सहलींनी जी पोरं तिथे काचेला नाक लावून उभी केली, त्यांच्यातल्या काहींचं नाक अजून काचेवरून निघालेलं नाही. मी त्यांतला.

पहिला वाद मिठावरून झाला. स्वयंपाकाचं मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी मंडळीही ठरलेल्या प्रमाणात असतात, म्हणून मत्स्यालयाचं मीठ वेगळं मिळतं आणि ते लिटरला साधारण ३५ ग्रॅम लागतं. म्हणजे पहिल्याच भरणीला पाच किलोच्या वर. पिशवीवरची किंमत वाचून आई म्हणाली, "यात काजू घातलेत का?" बरं, ते मीठ नळाच्या पाण्यात विरघळवून चालत नाही, कारण त्यात क्लोरीन असतं. घरच्या फिल्टरचं पाणीही तितकंसं चालत नाही. पाण्यात विरघळलेलं काहीही नको, मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. आधी पाण्यातलं सगळं काढून टाकायला पैसे, मग त्यात पुन्हा सगळं घालायला पैसे. बायकोने हा हिशेब एकदाच मोठ्याने म्हणून दाखवला आणि पुन्हा विषय काढला नाही. तिने विषय काढला असता तर बरं झालं असतं.

खारटपणा मोजायला छोट्या दुर्बिणीसारखं एक उपकरण असतं. काचेवर पाण्याचा एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत निळी-पांढरी सीमारेषा दिसते. ती ३५ वर आली पाहिजे. आमच्याकडे ते आल्यावर चिरंजीवांनी पहिला थेंब आमटीचा टाकला. आकडा काही लागला नाही, पण आमटीत मीठ कमी आहे हे त्याने आजीला 'शास्त्रीयदृष्ट्या' सांगितलं. त्या रात्रीपासून उपकरण माझ्या कपाटात कुलपात असतं.

दगड रचले, वाळू पसरली, पंप लावला, पाणी २६ अंशांवर आणलं. टाकी काचेसारखी स्वच्छ. आता मासे? नाही. आता काहीच नाही, आणि हा 'काहीच नाही'चा प्रकार चार ते सहा आठवडे चालतो. खरी गंमत इथेच आहे, पण ती घरच्यांना पटवणं अवघड.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. खऱ्या समुद्रात तो कुठल्या कुठे जातो. दीडशे लिटरमध्ये तोच त्याचा जीव घेतो. तो खाऊन टाकणारे जिवाणू असतात. एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट करते, आणि नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असल्याने अधूनमधून थोडं पाणी बदललं की भागतं. हे काम दोन वेगळ्या टोळ्या करतात हे विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिलं. पण या टोळ्या आयत्या येत नाहीत. दगडावर, वाळूवर त्यांनी वस्ती करायला हवी, आणि वस्ती व्हायची तर आधी खायला अमोनिया हवा. मासा नसताना अमोनिया आणायचा कुठून? पूर्वी लोक एखादा दणकट, स्वस्त डॅम्सेल मासा बळी द्यायचे. आता सभ्य मार्ग असा, की बाटलीतला अमोनिया मोजून घाला, नाहीतर एक कच्ची कोळंबी पाण्यात टाका आणि कुजू द्या.

मी बाजारात गेलो. कोळीणबाई आमच्या नेहमीच्या.

"एक कोळंबी द्या."

"एक किलो?"

"एक नग."

तिने हातातला कोयता खाली ठेवला. "घरात सगळी बरी हायत ना?"

"खायला नकोय मावशी. कुजवायचीय."

शेजारच्या दोघींनी माना वळवल्या. मावशींनी टोपलीतली सगळ्यात बारीक कोळंबी उचलली, माझ्या हातावर ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. "डोक्याला तेल लावत जा," एवढंच म्हणाल्या.

आमच्या घरात मासळी देवाच्या खालोखाल. एकादशीला उपासाचं खाताना आईचा चेहरा अजून उपऱ्यासारखा होतो. त्या घरात ताजी कोळंबी मुद्दाम कुजायला घालणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. दोन दिवसांनी ती फुगली, मग तिच्याभोवती पांढरा मऊ बुरा आला, पाणी ताकासारखं गढूळ झालं आणि दिवाणखान्यात भाऊच्या धक्क्याचा वास दरवळला. सोसायटीचे सेक्रेटरी आधी स्लॅबला वजन झेपेल का हे पाहायला आले होते. ते उंबऱ्यावरूनच परत गेले. पाहुणे यायचे, मुलांना टाकीपुढे उभं करायचे आणि विचारायचे, "मासे कुठेत?" मी काडीने टोचून कोळंबी दाखवायचो. त्यांतले काही पुन्हा आले नाहीत.

रोज संध्याकाळी चाचणी. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग कार्डाशी ताडून बघायचा. अमोनिया पिवळ्यावरून हिरव्याकडे जातो, नायट्राइट आकाशीवरून जांभळ्याकडे, नायट्रेट पिवळ्यावरून लालाकडे. मला हिरवा म्हणजे हिरवा. बायको चष्मा लावून नळी खिडकीशी नेते आणि म्हणते, "हा पोपटी नाही, शेवाळी आहे." आई म्हणते, "मोरपंखी." दादरच्या दुकानात पैठणीपुढे होतो तो सगळा वाद आमच्याकडे अमोनियावरून होऊ लागला. आणि एका संध्याकाळी अमोनिया पिवळाधमक निघाला, पण नायट्राइट असा जांभळा की आईने विचारलं, "हे कापड कुठे मिळेल?" पहिली टोळी कामाला लागली होती. दुसरी टोळी जास्त आळशी. तिची वाट बघण्यात बरेच दिवस गेले. शेवटी नायट्राइटही आकाशी झाला. मी पेढे आणले. कशाचे, हे कोणाला नीट सांगता आलं नाही.

पेढे संपायच्या आत वाळूवर, दगडांवर, काचेवर तपकिरी भुकटी चढली, कुणी नाचणीचं पीठ सांडावं तशी. हे डायाटम. नव्या टाकीत हे होतंच आणि बहुधा आपलं आपण जातं. बायकोने फक्त एवढंच विचारलं, की एवढे दिवस वाट पाहून जे उगवलं ते घासायचं कोणी.

मग दोन क्लाउनफिश आले. लहानपणी सगळे नरच असतात. जोडीतला मोठा मादी होतो, घर तिच्या हुकमात चालतं, आणि ती गेली तर नवराच पुढे मादी होतो. ('फाइंडिंग नीमो' हा क्लाउनफिशचाच सिनेमा २००३ साली आला, निसर्गाच्या नियमाने तो चालला असता तर नीमोची आई गेल्यावर त्याचे बाबा दुसऱ्या रिळातच आई झाले असते.) आईला ही व्यवस्था अत्यंत रास्त वाटते.

प्रवाळ नाहीत. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. एका दुकानदाराने मला जिवंत प्रवाळ 'हळूच' देऊ केलं होतं. हळूच वाघ देऊ केला असता तर मी जेवढा दचकलो असतो तेवढाच दचकलो.

तुमच्याही डोक्यात हे खूळ शिरलं असेल तर एवढं करा. क्लाउनफिश समुद्रातून पकडलेला घेऊ नका, हॅचरीत वाढवलेला मागा; केरळात विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास केव्हाच जमवलेली आहे. आणि टाकीबरोबरच 'आजच मासेही घेऊन जा' म्हणणारा दुकानदार भेटला, तर त्याला नमस्कार करून थेट मासळी बाजार गाठा. मात्र एकच कोळंबी मागू नका. पाव किलो घ्या. एक टाकीत टाका, बाकीच्यांचं कालवण करा, म्हणजे निदान पहिल्या दिवशी तरी घर तुमच्या बाजूने असेल.