दुसरीतल्या उलटीवाल्याचे पप्पा

फुलसावंगीत माणूस ओळखला जातो शेतावरून, आडनावावरून, नाहीतर तो कोणत्या पुढाऱ्याच्या गाडीत दिसतो यावरून. स्कूल बसच्या काकाला यातलं काहीच मान्य नाही. ज्यांच्याशिवाय गावातली एक बैठक उठत नाही असे वजनदार गृहस्थ चौकात समोर आले, की काका शेजारच्याच्या कानात सांगतो, "हे दुसरीतल्या उलटीवाल्याचे पप्पा." कृषी केंद्राचे मालक म्हणजे 'डबा इसरनारीचे बाबा'. दवाखान्यातले डॉक्टर तर नुसतेच 'रडका'. रडका म्हणजे त्यांचा मुलगा, पण काकाच्या हिशेबात बापाची वेगळी नोंदच नाही. गावाची आणि आजूबाजूच्या तांड्यांची जनगणना त्याने अशी पोरांवरून करून ठेवली आहे. सरकारी जनगणनेसारखी ती लांबणीवरही पडत नाही. दर जूनला नवी होते.

वय पंचेचाळिशीच्या आसपास. आधी ट्रक चालवला, मग काळीपिवळी. आता विचारलं तर म्हणतो, "काळी गेली, पिवळी राह्यली." खांद्यावर दुपट्टा, आणि आरशाच्या मागे खर्र्याची पुडी. पुडी शेवटचं पोर उतरेपर्यंत उघडत नाही. शाळेची शिस्त वगैरे काही नाही. मोठ्या वर्गातल्या दोन मुलींनी विज्ञानाच्या पुस्तकातला कॅन्सरचा धडा त्याला इतक्यांदा ऐकवला आहे, की त्याला तो पाठ झाला.

महाराष्ट्राने 2011 साली स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. गाडीत प्रथमोपचाराची पेटी हवी, आग विझवायचं नळकांडं हवं, वेगनियंत्रक हवा, मुली असतील तर मदतनीस बाई हव्यात. काका सगळं पाळतो. पेटीतला कापूस मात्र टिकत नाही, कारण चित्रकलेच्या वहीत ढग चिकटवायला तोच लागतो. वेगनियंत्रकाचं म्हणाल, तर आमच्या बाजूला तो रस्त्यातच बसवलेला आहे. गाडीच्या रंगाची गोष्ट आणखी लांबची. 1939 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकाने परिषद भरवली आणि तिकडच्या स्कूल बसना हा पिवळा रंग ठरला. सकाळच्या अंधुक उजेडात पिवळ्यावरची काळी अक्षरं चटकन वाचता येतात म्हणून. सायरसाहेबांनी आमची काळी माती पाहिली नव्हती. जुलैत गाडीच्या मागच्या बाजूला एकच मजकूर वाचता येतो: चिखलात कुणीतरी बोटाने काढलेलं पाचवीतल्या कुणाचं तरी टोपणनाव.

काकाचा खरा छळ दारोदार होतो. हॉर्न वाजला की प्रत्येक घरातून एकच उत्तर येतं, "वेणी होऊन राह्यली जी, दोन मिन्टं!" हेच उत्तर मुलाच्या घरातूनही येतं. मग आई पोराला ओढत आणते, आजी मागून डबा आणते, आजोबा एक बूट आणतात. दुसरा बूट कुत्र्याने कुठे नेला यावर घरात चर्चा चालू असते, आणि शेवटी ती काकाकडे बघून संपते, "भाऊ, तुम्ही लवकर येता ना!" प्रत्येक दारी दोन मिनिटं देत गाडी शाळेत पोचते, तेव्हा प्रार्थना संपलेली असते आणि उशिराचा जाब काकाला द्यावा लागतो. शाळा म्हणते उशीर केला, पालक म्हणतात घाई केली. दोघांचंही म्हणणं तो "हाव जी" म्हणून ऐकून घेतो.

पैशाचं तंत्र निराळं. शाळेचं वर्ष जूनपासून, पण बसची फी पिकाप्रमाणे येते. ऑगस्टात विचारलं तर, "सोयाबीन निघू द्या." दिवाळीत विचारलं तर, "भाव पडला, कापसाचं पाहू." मग तूर, मग ऊस, आणि मार्चमध्ये कुणीतरी हळद शिजवायच्या कढईकडे बोट दाखवतं. बाजार समितीतला भाव काकाला व्यापाऱ्याआधी कळतो, तो यामुळेच. मे महिन्यात शाळा बंद आणि पगारही बंद. मग तो लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी चालवतो. तिथेही सवय जात नाही. गाडी सुरू करण्याआधी डोकी मोजतो आणि नवरदेवाच्या मामाला आरशातून दटावतो, "हात आत घ्या!" मामा निमूट हात आत घेतात.

एवढा सगळ्यांना 'हाव' म्हणणारा माणूस पावसाळ्यात एका ठिकाणी मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नाही. नाल्यावर. पुलावरून पाणी दिसलं की गाडी बंद करतो, किल्ली काढून खिशात घालतो. मागे दुचाकीवाले जमतात, एखादा पालक फोनवरून हुकूम सोडतो, "टाका ना भाऊ, गुडघ्याइतकंच तं आहे!" काका शांतपणे विचारतो, "कोनाचा गुडघा? तुमचा, का तिसरीतल्या पोट्ट्याचा?"

28 सप्टेंबर 2021 रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याला पूर होता. नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी पुलावरच्या पाण्यात गेली आणि वाहून गेली. माणसं दगावली. तो नाला या भागातल्या प्रत्येक चालकाच्या ओळखीचा. त्यावर काका कधी भाषण देत नाही, गाडी तेवढी वळवतो. पोरं मागे अंताक्षरीत असतात. घरी परत जायचं कळल्यावर जो जल्लोष होतो, तो स्नेहसंमेलनातही होत नाही.

गाडी अशी वळवल्याच्या दुसऱ्या दिवशी तोच फोनवाला पालक दारात उभा, "काल शाळा बुडाली. त्या दिवसाचे पैसे कापून घेईन." त्यावर काका म्हणाला, "शाळाच बुडाली ना जी. पोट्टे तं नाही बुडाले." एवढं बोलून त्याने हॉर्न वाजवला, कारण पुढच्या घरी वेणी चालू होती.

माझं मत विचाराल तर गावात नाही म्हणण्याची अक्कल असलेली माणसं थोडी, आणि त्यातला एक जण पिवळ्या गाडीच्या स्टिअरिंगमागे बसतो. त्याला पगार मात्र 'हाव' म्हणण्याचा मिळतो.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे तयारीला आपल्याला जास्तीचे दिवस मिळतात. तेव्हा वाचकहो, मागची बाकी चुकती करा, आणि हॉर्न वाजायच्या आधी पोराच्या दोन्ही पायांत बूट असू द्या. दुसरा बूट गाडीत चढवून देण्याचे पैसे फीत धरलेले नाहीत.