देव दौऱ्यावर आहेत

बालीत दिवसभरासाठी गाडी ठरवली की ड्रायव्हरचं नाव विचारायची फारशी गरज पडत नाही. पहिलं मूल वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं कतुत. पाचवं झालंच तर पुन्हा वायान. मुलगा असो की मुलगी. आमच्या वाट्याला वायान आला. आमच्या घरात एका बारशावरून दोन जावांनी वर्षभर अबोला धरला होता, त्यामुळे आत्याला ही पद्धत मनापासून पटली. "भांडणच नको," ती म्हणाली.

मात्र आत्या पर्यटक म्हणून आलीच नव्हती. मुस्लिमबहुल इंडोनेशियात एक अख्खं बेट हिंदू आहे हे कळल्यापासून तिचा आव शाळा तपासणीला निघालेल्या शिक्षणाधिकाऱ्याचा होता. धर्म आपला, यांनी तो नीट सांभाळलाय ना, एवढंच बघायचं.

हॉटेलच्या दारातच पहिला शेरा पडला. फुटपाथवर नारळाच्या पात्याचा तळहाताएवढा द्रोण, त्यात फुलं, भाताची चार शितं, एक बिस्किट, वर उदबत्ती आणि तिला टेकून एक सिगारेट. रोजचा नैवेद्य. आत्या वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "आपल्या म्हसोबाला कोंबडं चालतं. असू दे." पास.

उबुदजवळच्या गोवा गजा या गुहेच्या तिकीट खिडकीवर मात्र ठिणगी पडली. परदेशी माणसाचं तिकीट वेगळं आणि महाग. "त्याला सांग, आपण हिंदूच आहोत." मी सांगितलं. खिडकीतल्या माणसाने हात जोडले, "ओम स्वस्त्यस्तु" म्हणाला, आणि परदेशी तिकिटंच फाडली. पुढे एका पोरसवदा मुलाने आत्याच्या पंजाबी ड्रेसवरून सारोंग गुंडाळला. सारं आयुष्य नऊवारी नेसलेल्या आईच्या लेकीला वस्त्र कसं खोचायचं हे तो शिकवत होता. ती काही बोलली नाही. आत्या काही बोलत नाही तेव्हा आम्ही जरा लांबून चालतो.

गुहेचं दार म्हणजे राक्षसाचा आ वासलेला जबडा. आत अंधार, धुराने काळवंडलेल्या भिंती. उजव्या हाताला तीन शिवलिंगं, डाव्या हाताला गणपती. कित्येक शतकं विस्मरणात गेलेली ही गुहा 1923 मध्ये पुन्हा सापडली. समोरचं कुंड तर 1954 मध्ये उकरून निघालं. गणपती दिसताच आत्याने टाळ्यांच्या ठेक्यावर आरती सुरू केली, तीही पूर्ण. गुहा इतकी अरुंद की मागच्यांना पुढे जाता येईना. एक गोरं जोडपं, हे तिकिटातच आहे असं समजून, शेवटपर्यंत मोबाइल धरून उभं होतं.

खरी अडचण तीर्थ एंपुलला आली. देऊळ 962 सालचं, झरा जिवंत, देवळाचे चौक ऐसपैस. पण गाभारा नाही, मूर्ती नाही. उंच दगडी आसन, आणि त्यावर कोणीच नाही.

"देव कुठाय?"

वायानने आसनाकडे हात केला. "उत्सवाला उतरतात."

"उत्सव कधी?"

बहुतेक देवळांचा 210 दिवसांनी, काहींचा पौर्णिमा बघून, असं त्याने सांगितलं.

"आणि एरवी?"

त्याने वर बोट दाखवलं.

"म्हणजे दौऱ्यावर," आत्या म्हणाली, आणि रिकाम्या आसनाला नमस्कार करून मोकळी झाली.

इथली कथा तिला आवडली. मायादेनावा नावाच्या राजाने इंद्राच्या सैन्याला विषारी पाणी पाजलं. पावलं उमटू नयेत म्हणून तो पायाच्या कडांवर चालत आला होता. इंद्राने जमिनीतून हा झरा काढून सैन्य उठवलं. "माझेही पाय उमटत नाहीत," आत्या म्हणाली. गुडघ्यांमुळे ती तशीच चालते. मग हिरवा सारोंग नेसून ती कुंडात उतरली, रांगेत उभी राहिली आणि एकेका धारेखाली डोकं घालत निघाली. त्यातल्या दोन धारा मृतांच्या विधीसाठी राखीव. काठावरून वायानने दोन्ही हात हलवून खुणावलं, तशी गुडघे विसरून ती दोन ढांगांत पुढच्या धारेला पोचली.

किंतामणीला 1717 मीटरचा बातूर ज्वालामुखी बघायचा होता. आम्ही ढग बघितला. 1926 च्या उद्रेकात खालचं गाव आणि देऊळ लाव्हाने गिळलं, मग दोन्ही वर कड्यावर आणून वसवली. जेवायला गादो-गादो, म्हणजे उकडलेल्या भाज्या आणि वर दाण्याच्या कुटाचं दाटसर कालवण. ते आत्याने दोनदा घेतलं. पुढे उदमांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची महागडी कॉफी होती. माझी बायको देवगडची. "हे आमच्याकडे माडावर चढून माडी पितं," ती म्हणाली, "आणि आम्ही त्याला हाकलतो." निशाचर प्राणी भर दिवसा पिंजऱ्यात गरगर फिरत होता. त्याची कॉफी आम्ही प्यायलो नाही.

शेवटी तेगलालांगची भातखाचरं. तिथे झोपाळ्यांवर लांबलचक झगे वाऱ्यावर सोडून फोटो काढण्याचा धंदा जोरात आहे. आत्याची नजर मात्र पाण्यावर होती. वरच्या खाचराच्या बांधाला ओंजळभर खाच, तिच्यातून पाणी खालच्या खाचरात, तिथून आणखी खाली. "हे वाटप कोण करतं?"

वायान पहिल्यांदाच गाइडासारखा बोलायचा थांबला. त्याचे वडील भातशेती करतात. एका पाण्यावरच्या शेतकऱ्यांची मंडळी म्हणजे सुबक, तिचा प्रमुख पेकासेह. लावणी कधी, पाणी कोणाला कधी, हे सगळे मिळून ठरवतात. सरोवराच्या देवीला मान द्यायला सुबकांची माणसं किंतामणीच्या त्याच हलवलेल्या देवळात जातात. युनेस्कोने 2012 मध्ये या व्यवस्थेला जागतिक वारशात घेतलं, हे त्याने जाता जाता सांगितलं.

आत्याचं सासर बागलाणात, आरम नदीकाठी. तिथे फड पद्धत होती: बंधारा, पाट, पाळीने पाणी, आणि ते सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. तिने पेकासेहचा पगार विचारला, पाट कोण साफ करतं ते विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "रात्री कोणी चोरून पाणी वळवलं तर?"

मी इंग्रजीत विचारलं. वायान हसला. "माझे काका वळवतात."

"सख्खे?"

"सख्खे."

"आमच्याकडेही सख्खेच," आत्या म्हणाली.

परतीच्या वाटेवर उबुदमध्ये गाड्या तासभर हलल्या नाहीत, आणि त्या तासभरात दोघं वायानच्या काकांचा बंदोबस्त करत होते. आत्याने सुचवलेला उपाय मी त्याला सांगितला नाही. तो बागलाणात तरी कायद्यात बसला होता, अशातला भाग नाही.