टायर संपू देत

सोमवारच्या वडगावच्या बाजारात बापूंना मान आहे. बैलाचं तोंड न उघडता, नुसत्या चालीवरून तो चारदाती की जुळलेला, हे सांगणारा माणूस. "ह्यो आता कामाचा न्हाई, काढून टाका," असा निकाल देताना त्यांची पापणी लवत नाही. पण दारात चिंचेखाली उभ्या असलेल्या मारुती 800 चा विषय निघाला, की हाच माणूस टोपी काढून डोकं खाजवतो. "बसा जरा. हे निवांत बोलायला पायजे."

विषय गेली कित्येक वर्षं तोच आहे: गाडी दुरुस्त करायची की नवी घ्यायची?

ही गाडी 1983 साली देशात आली आणि 2014 साली कंपनीनं ती काढायची बंद केली. "कंपनीनं बंद केली म्हणून आपण बंद करायची व्हय?" असं बापू विचारतात. 796 सीसीच्या तीन सिलिंडरांबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती इंजिनाच्या भोवती जे काही उरलंय, त्याची. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल मडगार्डच्या आत जाऊन बसतो, ओल धरतो आणि पत्रा आतून खात सुटतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आत भोक पडलेलं असतं. बापूंच्या शेजारच्या सीटखालची रबरी मॅट उचलली, तर खाली गोडेतेलाचा डबा कापून रिव्हेट मारलेला दिसतो. 'रिफाइंड' एवढी अक्षरं अजून स्वच्छ वाचता येतात. डबा जिथं संपतो तिथून डांबर दिसतं. वाठारकडं जाताना खड्ड्यात पाणी असलं, की काकी न सांगता पाय वर घेतात.

सेकंडहँड गाडी बघायला मात्र बापूंना आवर्जून नेतात. खिशात जुन्या स्पीकरमधून काढलेला लोहचुंबक असतो. पत्र्याला चिकटला तर ठीक, घसरला तर आत लांबी भरलेली. कोल्हापुरातल्या भल्याभल्या एजंटांना त्यांनी या चुंबकानं घाम फोडलाय. एकदा तोच चुंबक मी गंमत म्हणून त्यांच्याच गाडीच्या दाराला लावला. टपकन खाली पडला. बापूंनी उचलला, धोतराला पुसला, उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "चुंबक जुना झाला बघा."

लोक त्यांना चिक्कू म्हणतात, ते काही खरं नाही. या गाडीत घातलेल्या पैशात दुसरी उभी राहिली असती. प्रत्येक खर्चाच्या पोटातून पुढचा खर्च जन्माला येतो, एवढंच. टायर नवे असतात तेव्हा बापू म्हणतात, "चार टायर आत्ताच घातलेत, आता कुणाच्या घशात घालू? टायर संपू देत, मग काढू." टायर संपतात. मग म्हणतात, "असल्या टायरवर गिऱ्हाईक काय देणार? घालूया आणि मग काढू." टायर घातले, की रंग जुनाट दिसायला लागतो.

सरकारनंही आपल्या परीनं प्रयत्न करून पाहिला. संताजी-धनाजी मोगलांच्या घोड्यांना पाण्यात दिसायचे म्हणतात. त्याच धनाजीरावांची समाधी असलेल्या या गावात बापूंना पाण्यात आरटीओ दिसतो. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं पासिंग पुन्हा करून घ्यायचं, तेही दर पाच वर्षांनी. त्याची फी एप्रिल 2022 पासून सहाशेवरून पाच हजार झाली. एवढी फी ऐकून माणूस गाडी मोडीत काढेल, असा वरच्यांचा हिशेब असावा. बापूंनी पाच हजार भरले आणि कागद कपाटात ठेवून जाहीर केलं, "आता पाच वर्सं तरी वसूल करायला नकोत?" पुढं ती सक्तीची नवी नंबरप्लेट आली, 745 रुपये अधिक जीएसटी. "नवी पाटी लावलेली गाडी कोण मोडीत काढतं?"

शिरोली एमआयडीसीत नोकरीला असलेला मुलगा हप्ते भरायला तयार आहे. 2025 च्या सप्टेंबरात लहान गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला, तेव्हा तो शोरूमचं कोटेशनच घेऊन आला. बापूंनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. "उतरायला लागलाय न्हवं? मग अजून उतरू दे की."

मला विचाराल तर बापूंना गाडीपेक्षा ही पंचाईत हवी आहे. संध्याकाळी चिंचेखाली मेस्त्री येतो, रंगवाला येतो, पासिंगचा एजंट चहाला थांबतो. बॉनेट उघडलेलं असलं, की जाणारा-येणारा वाकून बघतो आणि मत देतो. नव्या गाडीचे पेढे एक दिवस. दुसऱ्या दिवशी कोण फिरकणार?

परवा मात्र खरंच गिऱ्हाईक आलं. टोप संभापूरचा तरुण, गाडी शिकायला हवी होती. पस्तीस हजार म्हणाला, रोख. काकींनी घाईनं चहा टाकला. बापू त्याला घेऊन गाडीपाशी गेले आणि पोराला तोंड उघडू न देता स्वतःच मॅट उचलली. "हे बघितलंस काय? हे कुजलंय. ह्या दाराचं काय खरं न्हाई. पावसात वायपर थांबतोय." वर खिशातला चुंबक काढून त्याच्या हातात दिला. पोरगं दोन ठिकाणी लावून बघून चहा न घेताच गेलं.

काकी कप हातात घेऊन दारातच उभ्या. "अहो, विकायची होती न्हवं?"

"अगं, पोरगं भोळं हाय. असल्या गाडीला पस्तीस हजार कोण देतंय? बापानं मला बाजारात गाठून शिव्या दिल्या असत्या," बापू म्हणाले. मग त्यांनी मेस्त्रीला फोन लावला. वायपरचं तेवढं बघून घे म्हणाले, गिऱ्हाइकापुढं बरं दिसत नाही.